आठवणींची अनुक्रमणिका

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. घर नमुन्यादाखल घेतलेले आहे, पण त्यातली एकेक गोष्ट अनेक वाचकांना आपल्याच घरातली वाटेल. आजोबा केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून साताऱ्याहून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. वीस-एकवीस वर्षांपूर्वी ते वारले. आजींनी आता ऐंशी ओलांडली आहे. घरात धाकटा मुलगा, सून आणि कॉलेजात शिकणारी नात. थोरला मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्याला. नातीचा जन्म आजोबा गेल्यानंतरचा. तिने त्यांना पाहिले ते फक्त भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत.

नवरात्रात बाहुल्या मांडायच्या म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा बाहुल्यांच्या खाली अकरा कॅसेट सापडल्या. नऊ लहान, हँडीकॅमच्या. दोन मोठ्या, व्हीएचएसच्या. लहान कॅसेटींवर आजोबांच्या अक्षरात 'दसरा', 'दसरा २', 'घर', 'सहल' एवढेच लिहिलेले. तीन कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या.

"आजी, यांची डीव्हीडी करून टाकते," नात म्हणाली. "दुकानात दिलं की दोन दिवसांत होईल."

दुकानात दिले की डीव्हीडी होते, हे खरे. पण ती कशी होते? एक तबकडी, तिच्यावर दोन तासांचे सलग चित्रण, कुठे काय आहे याचा पत्ता नाही. घरचे सगळे पहिल्या दिवशी कौतुकाने बसतात. पंधराव्या मिनिटाला कोणी चहा करायला उठतो, अर्ध्या तासात खोली रिकामी होते आणि तबकडी कपाटात जाते, ती कायमची. अनुक्रमणिका नसलेले जाड पुस्तक कोणी पुन्हा उघडत नाही, तसेच हे. डीव्हीडीमध्ये मेनू आणि चॅप्टर ही सोय आहे ती याचसाठी. मेनू म्हणजे अनुक्रमणिका आणि चॅप्टर म्हणजे प्रकरणे. त्या तयार करणे संगणकाला कठीण नाही. पण प्रकरणांना नावे द्यायला घरचेच माणूस लागते, आणि ते माणूस कायम हाताशी असेलच असे नाही.

आधी फीत वाचवा

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि पाठोपाठ मध्यमवर्गीय घरांत व्हीसीआर येऊ लागला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लग्न-मुंजीचे 'शूटिंग' ही नेहमीची बाब झाली. ज्यांचे कोणी आखातात होते त्यांच्याकडे हँडीकॅमही आला. म्हणजे घरोघरच्या या फिती आज पंचवीस ते पस्तीस वर्षांच्या झाल्या आहेत. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर आणि त्या थरात चित्र व आवाज, अशी ही रचना. थर सुटू लागला, दमट हवेत बुरशी धरली, की चित्र जाते. ते परत आणता येत नाही.

दुसरी अडचण यंत्राची. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई २०१६ साली त्या उत्पादनातून बाहेर पडली. सोनीने मिनीडीव्ही कॅसेटचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. फीत चांगली आहे पण ती चालवायला यंत्र नाही, अशी वेळ आता यायला लागली आहे. लहान आठ मिलिमीटरच्या कॅसेटी तर व्हीसीआरमध्ये बसतही नाहीत. त्यांना त्याच जातीचा कॅमेरा लागतो. म्हणून घरातला जुना हँडीकॅम बिघडला असला तरी भंगारात देऊ नका. दुरुस्त करणारा कारागीर अजून मिळू शकतो.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून उजेडात पाहा. गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा कापसासारखी जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घरच्या यंत्रात अजिबात घालू नका. ती स्वतः खराब होईल आणि यंत्राच्या हेडमार्फत बुरशी पुढच्या कॅसेटला लावील. ती अनुभवी माणसाकडे सफाईला द्या. बाकीच्या कॅसेटी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. व्हीएचएसच्या पाठीवरची प्लॅस्टिकची छोटी चकती अजून शाबूत असेल तर ती मोडा. मग चुकून लाल बटण दाबले गेले तरी लग्नावर मालिका रेकॉर्ड होणार नाही.

कॅमेरा किंवा व्हीसीआर संगणकाला जोडण्यासाठी यूएसबीचे छोटे कॅप्चर यंत्र मिळते. पिवळी तार चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. चित्रण फितीवर जितक्या वेळाचे, तितकाच वेळ ते उतरवायला लागतो. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, त्यात घाई चालत नाही. आपल्याकडची पद्धत पालची आहे, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे आणि ७२० बाय ५७६ असा आकार. कॅप्चर करताना हेच आकडे निवडा. अमेरिकेची पद्धत सेकंदाला सुमारे तीस चित्रांची आहे. चुकून ती निवडली तर हालचाली अडखळतात. प्रत्येक कॅसेट उतरवून झाली की शेवटची पाच मिनिटे आवर्जून पाहा. सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज तासाभराने वेगळे झालेले असतात आणि ते तिथेच कळते.

या पहिल्या, न कापलेल्या चित्रणाला मूळ प्रत समजा. बारीकसारीक कापाकापी तिच्यावर करू नका. संगणकात जागा खूप लागते. डीव्ही पद्धतीने साठवले तर तासाला सुमारे १३ जीबी होतात. पण आता मोठी हार्ड डिस्क पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही.

आजी, वही आणि हत्ती

आपल्या नमुन्याच्या घरात नातीने दोन आठवड्यांत सगळ्या कॅसेटी उतरवल्या. एका कॅसेटीवर बुरशी होती, ती वेगळी ठेवली. मग ती संगणकासमोर बसली आणि लक्षात आले, की आपल्याला यातली निम्मी माणसे ओळखूच येत नाहीत.

"बाबा, ही कोण?"

"अगं, कुणीतरी शेजारची असेल. आईला विचार."

आजींना खुर्ची दिली, चष्मा दिला. आजींनी पडद्याकडे पाहिले आणि लगेच म्हणाल्या, "ही आमच्या समोरची. कन्नड शिकवलं मला हिनेच. भाजीवाल्याशी कसं बोलायचं, तेवढं आधी शिकवलं. तिच्या घरी बाहुल्या बघून आपल्याकडेही मांडायला लागलो. साताऱ्याला कुठे होत्या बाहुल्या? तिथे घट आणि हादगा."

एका वाक्यात केवढे तरी कळले. मराठी घरात नवरात्राच्या घटाशेजारी म्हैसूरच्या बाहुल्या कशा आल्या, हे फितीवर कुठेच नव्हते. ते फक्त आजींना माहीत होते. म्हणूनच या कामात संगणकाच्या आधी एक वही लागते. तिच्यात पाच रकाने आखा: वेळ, प्रसंग, ठिकाण, माणसे आणि लक्षात राहिलेले बोलणे. घड्याळातली वेळ लिहायची नाही, चित्रणातली लिहायची. उदाहरणार्थ, 'दसरा २, बाराव्या मिनिटाला, देवराज मार्केट, आत्या आणि समोरच्या काकू, शेवंतीचा भाव'. रोज एक तास, फार तर दीड. वडीलधाऱ्यांना त्याहून जास्त बसवू नये. थकवा येतो, आणि गेलेली माणसे एकापाठोपाठ एक समोर आली की मनालाही जड जाते.

तारखांची गंमत वेगळीच. चित्रणाच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने तारीख उमटवलेली असली तरी तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी संपली की घड्याळ मूळ तारखेवर जाऊन बसते आणि ऐन दसऱ्यात जानेवारी दाखवू लागते. मग चित्रातूनच पुरावा शोधावा लागतो. म्हैसूरकरांना त्यासाठी एक फार चांगला साक्षीदार मिळाला आहे, तो म्हणजे दसऱ्याचा हत्ती.

विजयादशमीच्या जंबू सवारीत चामुंडेश्वरीची मूर्ती ठेवलेली, साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी एकच हत्ती वाहतो आणि तो अनेक वर्षे तोच असतो. १९९० च्या दशकात तो मान द्रोण हत्तीचा होता. १९९८ साली विजेच्या धक्क्याने द्रोण मेला. १९९९ पासून २०११ पर्यंत बलरामाने अंबारी वाहिली, २०१२ पासून २०१९ पर्यंत अर्जुनाने आणि २०२० पासून ती अभिमन्यूकडे आली. चिठ्ठी गळालेल्या कॅसेटीत सवारी दिसताच आजी म्हणाल्या, "हा द्रोण. याला बघायला तुझे आजोबा सकाळपासून जागा धरून बसायचे." झाले! ती कॅसेट १९९८ च्या आधीची ठरली. शंका असेल तर त्या वर्षीचे वर्तमानपत्रातले छायाचित्र ताडून पाहता येते.

प्रत्येक गावात असा एखादा साक्षीदार असतोच. गणपतीच्या मंडळाचा देखावा, पाडलेला वाडा, दुकानाची पाटी, नव्याने झालेला पूल. १ नोव्हेंबर २०१४ पासून म्हैसूरचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले. त्यामुळे सरकारी पाटीवरच्या स्पेलिंगवरूनही चित्रण कधीचे याचा अंदाज येतो. तरीही खात्री नसेल तर वहीत 'सुमारे १९९५' असे लिहा. चुकीच्या नेमक्या तारखेपेक्षा खरा अंदाज बरा.

कॅमेऱ्यामागचा माणूस

नऊच्या नऊ लहान कॅसेटी पाहून झाल्या. चामुंडी टेकडीवरचा भव्य नंदी आला, वृंदावन बागेतली कारंजी आली, आत्याच्या बाळाचे बारसे आले. मिशी फुटलेले तरुण बाबा पाहून नात पोट धरून हसली. आणि मग तिने विचारले, "पण आजी, यात आजोबा कुठे आहेत?"

आजोबा कुठेच नव्हते. कॅमेरा त्यांच्या हातात होता.

ज्यांच्या घरी असे चित्रण आहे त्यांनी तपासून पाहावे. कॅमेरा ज्याचा, तोच चित्रात नसतो. बहुतेक घरांत तो वडिलांच्या किंवा एखाद्या हौशी मामाच्या हातात असतो आणि त्यांचा ऐवज म्हणून उरतो तो फक्त आवाज. "इकडे बघ." "अगं, पदर सावर, येतंय यात." "लाईट लावा रे." एरवी असे तुकडे आपण कापून टाकतो, कारण चित्र हलते आणि दिसत काहीच नाही. ते कापू नका. नातीने असे तुकडे वेगळे काढले तर सगळे मिळून चार मिनिटे भरली. आजोबांचा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तो त्या चार मिनिटांत.

आजोबा दिसत होते ते एकाच ठिकाणी. मोठ्या दोन कॅसेटींमध्ये. १९९७ साली थोरल्या मुलाचे लग्न सांगलीला झाले, त्याचे ते शूटिंग. पैसे देऊन बोलावलेल्या माणसाने केलेले, म्हणून आजोबा चित्रात. धोतर नेसून व्याह्यांना भेटताना, पंगतीत आग्रह करताना, आणि वरातीत दोन मिनिटे चक्क नाचताना.

पण ते लग्न टिकले नाही. चार वर्षांत घटस्फोट झाला. अमेरिकेतल्या काकांना फोन केला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "ती कॅसेट नको. फेकून दे."

अशा प्रसंगी काय करावे? काकांचे म्हणणे चुकीचे नाही. ज्या दिवसाची आठवण दुखते, तो दिवस भाचरांच्या टाळ्यांत पुन्हा लागावा असे कोणाला वाटेल? आजींचे म्हणणेही चुकीचे नाही. नवऱ्याचे हलते-बोलते रूप त्यांच्याकडे एवढेच आहे. आणि तिसरी एक व्यक्ती आहे, जी या घरात आता नाही. ती नवरी. तिचीही ती छबी आहे. तिचे आयुष्य कुठेतरी वेगळे सुरू असेल. तिला न विचारता ते चित्रण चारचौघांत फिरवणे किंवा इंटरनेटवर टाकणे बरे नव्हे.

फेकणे हा उपाय नाही, कारण तो परत घेता येत नाही. आणि सगळेच्या सगळे सर्वांना दाखवणे हाही नाही. मधला मार्ग असा, की मूळ प्रत पूर्ण, न कापता हार्ड डिस्कवर ठेवावी आणि वाटायच्या तबकडीत काय घ्यायचे ते ज्याचे त्याला विचारून ठरवावे. नातीने लग्नाच्या साडेतीन तासांतून फक्त आजोबा असलेले प्रसंग वेगळे काढले. सहा मिनिटे झाली. त्यात नवरा-नवरी नव्हती. ती सहा मिनिटे तिने काकांना पाठवली, सोबत एकच ओळ, 'एवढे चालेल का?' दुसऱ्या दिवशी उत्तर आले, 'चालेल. बाबा नाचत होते हे मी विसरलोच होतो. मलाही एक प्रत पाठव.'

एक लक्षात ठेवा. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटीत मूळ आवाजावर सिनेमाची गाणी चढवलेली असतात. बदामाच्या आकारात फिरणारे चेहरे आणि मागे गाणे, की मंगलाष्टके गेली आणि माणसांचे बोलणेही गेले. म्हणून अशा चित्रणातून आवाजाची फार अपेक्षा धरू नये. आवाज मिळतो तो घरगुती कॅमेऱ्याच्या हलत्या, वेड्यावाकड्या चित्रणात. दिसायला सुंदर आणि ऐकायला मोलाचे या दोन गोष्टी क्वचितच एका कॅसेटीत सापडतात.

मेनू कसा असावा

आता वही भरली आहे. कोणते तुकडे घ्यायचे ते ठरले आहे. तुकडे कापायला आणि जोडायला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, आणि डीव्हीडी रचायला डीव्हीडीस्टायलर, ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. हात बसायला दोन संध्याकाळी पुरतात.

मेनू कॅसेटच्या क्रमांकाने लावू नका. 'कॅसेट १, कॅसेट २' यातून कोणालाच काही कळत नाही. माणसे आणि प्रसंग यांच्या नावाने लावा. या घराच्या मेनूत सहाच बटणे आली: 'दसरा आणि बाहुल्या', 'बारसे', 'सहली', 'समोरच्या काकू', 'घरचे कार्य' आणि 'आजोबा'. लग्नाला 'घरचे कार्य' म्हटले, त्यात कोणाचे नाव आले नाही आणि काही लपवलेही नाही. एका पडद्यावर छत्तीसपर्यंत बटणे बसवता येतात, पण रिमोटचा बाण दाबत दाबत जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना सहा-सातच बरी. बटण निवडले की रंग ठळक बदलला पाहिजे, नाहीतर आपण कुठे आहोत ते कळत नाही.

जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात. म्हणून अक्षरे चारी बाजूंनी सुमारे दहावा भाग सोडून आत घ्या आणि मोठी ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. त्यावर सोपा उपाय म्हणजे अक्षरांसह पूर्ण मेनूचे चित्र वेगळे करून पार्श्वभूमी म्हणून लावायचे. परगावी वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येते पण वाचता येतेच असे नाही. तेव्हा मराठी नावाखाली लहान अक्षरांत त्यांच्या शाळेच्या भाषेतही नाव द्या. म्हैसूरच्या घरात ती कन्नड असेल, बडोद्याच्या घरात गुजराती.

चॅप्टर साधारण तीन ते सात मिनिटांचे असावेत. एका चित्रणात ९९ पर्यंत चॅप्टर बसतात, पण मिनिटामिनिटाला खूण केली तर तिचा उपयोग राहत नाही. प्रसंग जिथे बदलतो तिथे खूण करा. खूण नेमकी बसवली तरी कधीकधी ती किंचित मागे सरकते. डीव्हीडीच्या पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवले जात नाही. साधारण अर्ध्या सेकंदाने एक पूर्ण चित्र असते आणि मधली चित्रे त्याच्या आधाराने बनतात. चॅप्टर सुरू होतो तो अशा पूर्ण चित्रापासूनच. म्हणून प्रसंगाच्या आरंभी सेकंदभर मोकळी जागा ठेवली की पहिला शब्द कापला जात नाही.

साध्या तबकडीत ४.७ जीबी मावतात. तासा-सव्वा तासाचे चित्रण घातले तर दर्जा उत्तम राहतो, दोन तासांपर्यंत ठीक. त्याहून जास्त कोंबले की चेहऱ्यांवर चौकोन दिसू लागतात. जास्त असेल तर सरळ दुसरी तबकडी करा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवताना एक काळजी घ्या. तिथल्या अनेक प्लेअरवर आपली पाल पद्धतीची तबकडी चालत नाही. संगणकावर मात्र चालते. त्यांच्यासाठी तेच चित्रण एमपीफोर फाइल करून पेनड्राइव्हवर दिले तर उत्तम. एमपीफोर फाइलमध्येही चॅप्टर घालता येतात.

तबकडीवर भरवसा किती

आज नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीचा खण नसतो. अनेक घरांतले प्लेअर मोडीत गेले आहेत. मग डीव्हीडीचा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. ज्यांना मोबाइलवर बोट फिरवणे जमत नाही पण रिमोटची सवय आहे, त्यांच्यासाठी ती अजूनही सर्वांत सोपी आहे. तबकडी घातली, सहा नावे दिसली, एक निवडले. शिवाय ती हातात देता येते. सणाला भेट म्हणून तिचे मोल वेगळे.

पण तिलाच तिजोरी समजू नका. घरी लिहिलेल्या तबकडीत रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. तबकडी सावकाश वेगाने लिहा. शेवटी ती 'फायनलाइझ' करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर लागणार नाही. वर बॉलपेनने लिहू नका, टोक मऊ असलेले मार्कर वापरा. मूळ प्रत दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा लेकीकडे असू द्या. वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहा. दसऱ्याला शस्त्रपूजा करतोच, त्या दिवशी हेही करावे.

मोठमोठ्या गोष्टीही हातून गेल्या आहेत. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोपर्यंत अनेक मूकपट नष्ट होऊन गेले होते. फाळक्यांची लहानगी मंदाकिनी 'कालिया मर्दन' या १९१९ च्या चित्रपटात कृष्ण झाली होती. बापाने टिपलेले लेकीचे ते बालपण आज पाहता येते, कारण कोणीतरी ती रिळे शोधली आणि जपली. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेसाठी कोणतेही संग्रहालय येणार नाही. तिचे संग्राहक आपणच.

दोन आवाज

डीव्हीडीची एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. एका चित्रणासोबत आठपर्यंत वेगवेगळे आवाज ठेवता येतात. सिनेमात त्यांचा उपयोग वेगवेगळ्या भाषांसाठी होतो. घरी त्यांचा याहून चांगला उपयोग आहे.

नातीने वही भरताना मोबाइल आजींजवळ ठेवून त्यांचे बोलणे रेकॉर्ड केले होते. ती कोण, हा कधीचा, त्या दिवशी जेवायला काय होते. तेच बोलणे तिने चित्रणाशी जुळवून दुसरा आवाज म्हणून बसवले. त्यासाठी महागडे काही लागत नाही. शांत खोली, पंखा बंद आणि मोबाइल एक हातावर, एवढे पुरते. आजी मध्येच थांबल्या, विसरल्या, तरी ते कापू नका.

भाऊबीजेला पुण्याहून आत्या आली तेव्हा तबकडी लागली. पडद्यावर सहा नावे आली. आजींनी रिमोट हातात घेतला आणि बाण दाबत शेवटच्या नावावर गेल्या. सहा मिनिटांची वरात आधी, मग पडद्यावर हलती जमीन, एक सावली आणि आवाज, "अगं, पदर सावर, येतंय यात."

नातीने ऑडिओचे बटण दाबले. त्याच चित्रावर आता आजींचा आवाज आला, "हे मला म्हणतायत."

वाचकहो, या सुट्टीत कॅसेटी खाली काढा. यंत्र सापडायला वेळ लागेल, सॉफ्टवेअर शिकायला लागेल, तबकडी पुढच्या महिन्यात झाली तरी बिघडत नाही. पण वही आजच आणा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या शेजारी बसा. ते काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.